नवं मांजर चाटून चाटून टक्कल पाडतंय? आधी खाज शोधा, मग ताण

नव्या घरात आलेलं मांजर पोटावरचे केस चाटून साफ करायला लागलं की घरातल्या प्रत्येकाकडे एकच उत्तर तयार असतं: जागा नवी आहे, बावरलंय, रुळेल हळूहळू. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा खापर उगाच नव्या घरावर फुटतं आणि तोवर दिवाणाखाली पिसवांची पुढची पिढी तयार झालेली असते. २००६ साली अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकात याचा छडा लावणारा अभ्यास आला होता. ‘मानसिक कारणाने चाटतंय’ असा शिक्का बसलेली २१ मांजरं पुन्हा नीट तपासली, तेव्हा १६ मांजरांत कारण निव्वळ शारीरिक निघालं, ३ मांजरांत शरीर आणि मन दोन्ही, आणि उरलेली फक्त २ खरोखर मनाच्या अस्वस्थतेने चाटत होती.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पिसवा, मग बुरशी आणि खरूज, मग दुखणं, मग अन्न, आणि हे सगळं तपासून झाल्यावर ताण. एक गोष्ट मात्र या रांगेत उभी राहत नाही. निवांत खोली, लपायला जागा आणि ठरलेला दिनक्रम हे पहिल्या दिवसापासून द्यायचं. कारण काहीही निघालं तरी त्याने मांजराचं भलंच होतं.

किती चाटणं म्हणजे जास्त

नवं मांजर पहिले दोन-तीन दिवस बहुधा अंगाला जीभ लावतच नाही. कपाटामागे दबून बसतं. मग एका रात्री जेवण झाल्यावर पंजे चाटून तोंड पुसतं. ही चांगली खूण आहे, त्याला भीती थोडी कमी झाल्याचं ते सांगतंय. एप्रिल-मे महिन्यांत इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही चाटणं वाढतं, कारण अंगावरची लाळ वाळताना मांजराला गारवा मिळतो. त्याच सुमारास केसही जास्त गळतात. यात काळजीचं काही नाही.

निरोगी मांजर सगळं अंग चाटतं: तोंड, पंजे, कुशी, पोट, शेपूट. खिडकीत चिमणी आली किंवा डबा वाजला की अर्ध्यावर सोडून उठतं. काळजी करायची ती मांजर पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असेल तेव्हा. जेवण किंवा खेळ सोडून ते चाटायला बसतं, हाक मारली तरी थांबत नाही, मध्येच दातांनी कुरतडतं. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पुढचे पाय या ठिकाणी केस विरळ होतात. विष्ठेत केस दिसतात, उलटीत केसांचे गोळे आधीपेक्षा जास्त येतात.

इथे एक फसवी गोष्ट आधीच बाजूला काढू. दत्तक घेतलेल्या मादीचं पोट किंवा एका कुशीचा चौकोन सफाचट असेल तर नसबंदी कधी झाली ते विचारा. शस्त्रक्रियेसाठी केस वस्तऱ्याने काढलेले असतात आणि ते भरून यायला दोन-तीन महिने लागू शकतात. कडा सरळ रेषेत असतील, कातडी शांत असेल, मधोमध बारीक व्रण असेल, तर ते टक्कल जिभेचं नाही. टाके ताजे असताना मात्र मांजर तिथे चाटत असेल तर तो वेगळा प्रश्न. टाके उसवू शकतात, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि उलटही होतं. मांजर चाटताना कधीच दिसत नाही, पण केस जातच राहतात. चाटण्यावरून ओरडा खाल्लेली मांजरं माणसांसमोर चाटणं टाळतात आणि रात्री भरपाई करतात. जुना मोबाईल खोलीत टेकवून रात्री दोन-तीन तासांचं चित्रण करा. डॉक्टरांना तेच सगळ्यात उपयोगी पडतं.

हाताने करायची तपासणी

मांजर झोपाळलेलं असताना, उजेडात, पाच मिनिटं पुरतात. टक्कल पडलेल्या जागी बोट उलट्या दिशेने फिरवा. खुंट टोचल्यासारखे लागले तर केस तुटलेले आहेत, म्हणजे जीभ किंवा दात. जागा गुळगुळीत असेल किंवा बाजूचे केस हलक्या ओढीने मुळासकट हातात येत असतील, तर केस गळताहेत आणि कारण वेगळं आहे. डॉक्टर हीच गोष्ट दहा-बारा केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: टोक निमुळतं असेल तर केस आपणहून गळलेला, टोक तुटकं असेल तर चाटलेला.

मग कागदावर मांजराची बाह्याकृती काढा आणि जागा रंगवा. चित्र कितीही वाईट आलं तरी चालतं, कारण जागेवरूनच पुढची दिशा ठरते. कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांचा मागचा भाग असेल तर पिसवा. कानांच्या कडा आणि कपाळावर जाड खपल्या असतील तर खरजेचे किडे. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लांत हे नेहमी दिसतं आणि घरातल्या दुसऱ्या मांजराला पटकन लागतं. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ असेल तर कानातले किडे. डोकं-मान ओरबाडलेली असेल तर अन्नाची ॲलर्जी संशयितांत येते. फक्त खालचं पोट असेल तर लघवीच्या पिशवीचा विचार आधी करा. एकाच सांध्यावर चाटत असेल, आणि मांजर वयस्क असेल, तर तिथे दुखतंय.

गोल, खवले आलेली, केस तुटलेली चकती दिसली आणि घरात कुणाच्या हातावर किंवा मानेवर लाल कडेची खाजरी गोल खूण उठली, तर हात धुऊन आधी नायट्याचा विचार करा. हा मांजराकडून माणसाला लागतो, मुलांना लवकर.

पिसवा: दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नाही

‘आमच्या मांजराला पिसवा नाहीत, मी पाहिलं’ हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात रोज ऐकू येतं. अति चाटणारं मांजर पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे ज्याला पिसवांची ॲलर्जी असते त्याच्याच अंगावर त्या सापडत नाहीत. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असली की थोडे चावेही दिवसच्या दिवस खाज आणायला पुरतात.

लिखा काढायची धातूची, अगदी बारीक दातांची फणी घ्या. कंबरेवरून शेपटीकडे, केसांच्या मुळापासून, दहा-पंधरा वेळा फिरवा. फणीत आलेली काळी कोंड्यासारखी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर किंवा टिश्यूवर झटका आणि मिनिटभर थांबा. कडेने तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर रंग तसाच राहतो. गुदद्वाराभोवती किंवा झोपायच्या जागेवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो फीतकृमी. तो मांजराला बहुधा पिसवा गिळून होतो, उंदीर खाऊनही होऊ शकतो. दाणा दिसला म्हणजे पिसवांचा दाट संशय.

औषध टाकूनही पिसवा का परत येतात याचं उत्तर घरात असतं. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण वस्तीच्या साधारण ५ टक्केच. बाकी अंडी, अळ्या आणि कोश दिवाणाच्या फटीत, सोफ्यात, फरशीच्या सांध्यांत. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते, ती मांजर जिथे झोपतं तिथे गळतात. कोशातली पिसू कित्येक महिने तशीच थांबू शकते, आणि कोशावर बहुतेक औषधं चालत नाहीत. म्हणून मानेवर टाकायच्या औषधाच्या एका पिपेटने (छोट्या नळीने) काम होत नाही. उपचार सलग तीन महिने तरी चालवा, घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराचा एकाच वेळी.

मानेवर टाकायचं औषध मांजरासाठीचंच हवं. त्यात फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असतं, कोणतं ते डॉक्टर वय-वजनावरून सांगतील. वजन काढायला आधी मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. औषध कवटीच्या तळाशी, केस बाजूला करून, कातडीवर टाकायचं. केसांवर पडलं तर वाया. जीभ पोचेल इतकं खाली टाकलं तर मांजर ते चाटतं आणि तोंडाला फेस येतो. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नको. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मनाने हे औषध टाकू नका. फणी फिरवून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, तेवढं पुरे.

कुत्र्याचं औषध अर्धं करून मांजराला टाकणं हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही, काही तासांत थरथर आणि झटके सुरू होतात. चुकून टाकलंच तर भांडी घासायच्या द्रव साबणाने आणि कोमट पाण्याने तो भाग धुवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. गोचिडांवरचं अमिट्राझही मांजराला नको.

घराची बाजू: मांजराचं अंथरूण आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. जुन्या वाड्यांत शहाबादी किंवा कोटा फरशी असली तर सांधे व्हॅक्यूमच्या चिंचोळ्या तोंडाने ओढा. त्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, आणि बाहेर आल्या की मांजराच्या अंगावरचं औषध त्यांना मारतं. ‘औषध टाकल्यावर पिसवा वाढल्या’ असं पहिल्या दोन आठवड्यांत वाटतं ते यामुळे. व्हॅक्यूममधला कचरा लगेच पिशवीत बांधून कचरागाडीत द्या, घरात ठेवू नका.

फिनेल, डेटॉल, कापूर, कडुलिंबाचं तेल

आजीच्या कपाटातल्या या चौघांना मांजराच्या बाबतीत सुट्टी द्यायची. फिनॉल वर्गातली रसायनं मांजराचं यकृत नीट हाताळू शकत नाही, आणि मांजर फरशीवर चाललं की पंजे चाटतं, म्हणजे फरशीवरचं सगळं पोटात. काळ्या फिनेलने पुसलेली ओली फरशी आणि डेटॉल टाकलेलं अंघोळीचं पाणी, दोन्ही टाळा. कापूर आणि डांबरगोळ्या विषारीच आहेत. कडुलिंबाचं तेल ‘नैसर्गिक’ म्हणून चोळलं की मांजर ते दुप्पट जोमाने चाटतं. नेमकं जे थांबवायचं तेच वाढतं, वर लाळ आणि उलट्या. रॉकेलचं तर नावही नको.

नायट्यासाठी माणसांच्या ट्यूबाही नकोत. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टेरॉइड असतं. खाज थांबल्यासारखी वाटते आणि बुरशी पसरते. नायटा ठरला तर उपचार डॉक्टरांचे, आणि ते काही आठवडे चालतात. मांजर धुता-पुसता येईल अशा एका खोलीत ठेवा. गादी-उशी काढून घ्या. केस झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. आधी साबणाने धुऊन मग लिटरभर पाण्यात १० मिली घरगुती ब्लीच घालून फरशी पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या, साध्या पाण्याने पुसून वाळल्यावरच मांजराला आत सोडा. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

चाटून कातडी ओली, लालभडक झाली असेल तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत एवढंच करा: अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात सपाट पाऊण लहान चमचा मीठ विरघळवा, कापसाने टिपा. वर पावडर-हळद काही नको, ती चाटलीच जाते. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसून किडे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ‘उद्या बघू’ म्हणू नका.

खालचं पोट चाटणारा बोका

याला वेगळं शीर्षक द्यावं इतकं हे गंभीर आहे. लघवीच्या पिशवीला सूज आली की मांजर पोटाचा खालचा भाग आणि लघवीची जागा चाटत राहतं. सोबत लिटरपेटीत (मांजराच्या शौचाच्या वाळूच्या पेटीत) वारंवार जाणं, थेंब थेंब होणं, गुलाबी छटा, किंवा अचानक सोफ्यावर लघवी. नव्या घराच्या ताणाने ही सूज येऊ शकते, म्हणजे इथे शरीर आणि मन एकाच वाटेने येतात. मादीत हे त्रासदायक असतं, बोक्यात जीवघेणं ठरू शकतं, कारण त्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती तुंबते. बोका पेटीत बसून कुंथतोय आणि काहीच पडत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. पुष्कळदा घरच्यांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि एरंडेल दिलं जातं. त्यात मोलाचे तास जातात.

डॉक्टरांकडे काय न्यायचं, काय विचारायचं

कागदावरचं चित्र, मोबाईलवरचं चित्रण, गेल्या महिन्यात दिलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन, आणि मांजर काय खातं त्याची खरी यादी. खरी म्हणजे पोहे-जिलबीच्या बशीतली शेवही. कांदा-लसूण घातलेलं काहीही मांजराला विषारी आहे, त्यामुळे ती यादी लपवण्यात अर्थ नाही.

कातडीची खरवड, केसांची तपासणी, चिकटपट्टीने घेतलेला नमुना आणि संशय असेल तर बुरशीचं कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहायची तपासणी) मागा. कल्चरला दोन-तीन आठवडे लागू शकतात. काही दवाखान्यांत अंधारात निळसर दिव्याखाली नायटा पाहतात. मांजरातली नेहमीची बुरशी त्यात हिरवी चमकते, पण चमकली नाही म्हणून नायटा नाही असं ठरत नाही. जवळ सोय नसेल तर इंदूरपासून २०-२५ किलोमीटरवर महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाण्याआधी वेळ आणि कोणती तपासणी होते ते विचारून घ्या. प्रवास सकाळी करा, उन्हाळ्यात दुपारी मुळीच नको. पिंजरा पहिल्या दिवसापासून खोलीत उघडा ठेवलेला असेल, आत त्याचंच फडकं असेल, तर कोंबाकोंबी होत नाही. वरून सुती ओढणी टाका.

एका गोष्टीवर मात्र अडून बसा. ‘एक इंजेक्शन देतो, महिनाभर खाज नाही’ असं कुणी म्हटलं तर ते कशाचं आणि कशासाठी, हे विचारा. महिनाभर टिकणारं स्टेरॉइड बहुतेक कारणांत खाज दाबतं, म्हणून मांजर बरं झाल्यासारखं दिसतं. मग औषध उतरतं, चाटणं परत येतं, आणि मधल्या काळात कारण शोधायची संधी गेलेली असते. नायटा असेल तर तो फोफावतो. वारंवार दिलं तर मांजराला मधुमेह होऊ शकतो. ॲलर्जी सिद्ध झाल्यावर, हिशोबाने, गोळीच्या रूपात दिलेलं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट. त्याला विरोध नाही.

दूध-पोळी आणि अन्नाची चाचणी

इंदुरातल्या पुष्कळ मराठी घरांत मांस शिजत नाही आणि मांजराच्या वाट्याला दूध-पोळी येते. मांजर मांसाहारीच आहे. टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळतं, आणि प्रथिनं-स्निग्धं कमी पडली की केस रुक्ष होतात, कातडी कोरडी पडते. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं मांजरांचं पाकीट आणा. कुत्र्याचं नको. आणल्या दिवशीच बदल करू नका, आधीच्या अन्नात मिसळत ७ ते १० दिवसांत पूर्ण बदला.

पिसवांचा उपचार नेटाने करूनही खाज राहिली आणि बुरशी नाही असं ठरलं, तर डॉक्टर अन्नाची चाचणी सुचवतील. ही कंटाळवाणी आहे आणि बहुतेक घरांत आठवड्याभरात मोडते. मांजराने आधी कधी न खाल्लेलं प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं वैद्यकीय अन्न, आठ आठवडे. दुसरं काहीही नाही: दुधाचा थेंब नाही, चवीची जंताची गोळी नाही, शेजारच्या काकूंनी ओट्यावरून टाकलेला मासा नाही. पाकिटावर पुढे ‘टूना’ लिहिलेलं असलं तरी मागच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा कोंबडी असते, ते वाचा. आठ आठवड्यांत खाज कमी झाली तर जुनं अन्न पुन्हा देऊन पाहायचं. खाज परत आली तरच ॲलर्जी सिद्ध. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग वर्षानुवर्षं महागडं अन्न उगाच आणत राहतात.

खोली कशी लावायची

पहिले दोन आठवडे एकच खोली. आख्खं घर एकदम दिलं की मांजराला कुठली जागा आपली हेच कळत नाही. खोलीत लपायला पुठ्ठ्याचा खोका, दोन बाजूंनी भोक पाडलेला, कारण एकाच तोंडाच्या खोक्यात मांजर कोंडल्यासारखं होतं. उंच जागा एक तरी: कपाटाचा माथा, खिडकीची रुंद कड, रिकामा केलेला पुस्तकांचा कप्पा. नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब, मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच आणि न डगमगणारा. डगमगला तर ते पुन्हा त्याला हात लावत नाही.

लिटरपेट्या मांजरांपेक्षा एक जास्त, आणि त्या जेवणापासून दूर. पाण्याचं भांडंही जेवणापासून वेगळं. लिटर (पेटीतली वाळू) दोन-तीन इंच खोल, दिवसातून दोनदा साफ. सुगंधी लिटर माणसांसाठी असतं, मांजराला ते नकोसं वाटतं.

ताणाचा सगळ्यात दुर्लक्षित उगम म्हणजे खिडकीबाहेरचा बोका. गल्लीतला जुना बोका जाळीवर येऊन बसतो, आतलं मांजर त्याच्यापर्यंत जाऊ शकत नाही आणि पळूही शकत नाही, तेव्हा ते मधलंच काहीतरी करतं, म्हणजे स्वतःला चाटतं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद चिकटवा आणि ओट्यावर बोक्यासाठी ठेवलेली ताटली बंद करा. घरात जुनं मांजर असेल तर दोघांना दाराआड ठेवून आधी एकमेकांच्या वासाची फडकी अदलाबदल करा, मग दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून नजर. घाई केली तर नवं मांजर हरतं आणि महिनोन्महिने चाटत बसतं.

इंदूरचा आवाजही हिशेबात धरा. दिवाळीचा आठवडा, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) रात्र, राजवाड्याकडे राहत असाल तर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक): या दिवसांत नवं मांजर आणू नका. आधीच आणलं असेल तर आतली खोली द्या, पंखा किंवा कूलरचा एकसुरी आवाज चालू ठेवा, खोक्यावर जाड चादर टाका. लपलेल्याला ओढून बाहेर काढू नका.

जेवण ठरल्या वेळी, आणि त्याआधी खेळ. काठीला पीस बांधून दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, शेवटी ‘शिकार’ पंजात येऊ द्या आणि लगेच जेवण. शोध, झडप, खाणं, अंग पुसणं, झोप हा मांजराचा नैसर्गिक क्रम आहे, आणि त्या क्रमात आलेलं चाटणं थोडक्यात आटोपतं. लेझरचा ठिपका हातात कधी येत नाही, त्याने चिडचिड वाढते. कोरड्या अन्नाचा काही भाग कागदाच्या गुंडाळीत दडवून ठेवा, दुपारच्या रिकाम्या वेळात ते शोधायला काम मिळतं.

मांजर चाटत असताना ओरडू नका, पाणी मारू नका. ते चाटणं सोडत नाही, तुमच्यासमोर सोडतं. उचलून कुरवाळूही नका, नाहीतर चाटलं की माया मिळते हे ते पटकन शिकतं. चाटण्याची वेळ ओळखा आणि पाच मिनिटं आधीच काठी काढा. सुरू झालंच असेल तर दूरवर डबा वाजवा, उठून आलं की खेळा.

गळ्यातला कोन आणि मनाची औषधं

कोन (जीभ पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर) जखम वाळेपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस. गळ्याशी दोन बोटं जावीत, कडा नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर यावी, नाहीतर जीभ पोचतेच. उथळ ताटलीत जेवण द्या. पण कारण न शोधता कोन घालून ठेवणं म्हणजे खाजणाऱ्याचे हात बांधणं. त्यातून एक माहिती मात्र मिळते: कोन असताना केस उगवायला लागले तर ते जिभेनेच जात होते. पोटासाठी जुन्या बनियनची बाही कापून, पायांसाठी चार भोकं पाडून अंगरखा करता येतो. रोज दोनदा काढून कातडी पाहा.

प्लगमध्ये लावायचे मांजराच्या गालातल्या गंधाची नक्कल करणारे डिफ्युझर ऑनलाइन मिळतात. एक डिफ्युझर साधारण ५० ते ७० चौरस मीटर जागेला, महिनाभर. काही मांजरांना फरक पडतो, काहींना नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी दुसरी लिटरपेटी घ्या.

सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही, खोली-खेळ दीड-दोन महिने नीट चालवूनही मांजर चाटतंच आहे, तेव्हा डॉक्टर फ्लुऑक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीनसारखं औषध देऊ शकतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, दुसऱ्या आठवड्यात ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. बंदही एकदम करायचं नसतं, मात्रा हळूहळू उतरवतात. घरातली माणसांची गोळी तुकडा करून देणं जीवावर बेततं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

केस परत यायला वेळ लागतो. कारण हटल्यावर दोन-तीन आठवड्यांत मऊ लव दिसते, पूर्ण आवरण यायला दोन-तीन महिने, कधी जास्त. नवे केस आधी थोड्या वेगळ्या रंगाचे येऊ शकतात. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून पोटाचा फोटो काढा, कारण रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. भरत आलेली जागा पुन्हा विरळ झाली तर फणी आणि ओला कापूस घेऊन पिसवांपासून परत सुरुवात करा, विशेषतः जूनच्या मध्यानंतर, पाऊस लागल्यावर.